नाथाजी हवालदाराची साक्ष

साताऱ्याच्या कोर्टात मी तात्यासाहेब वकिलांकडं सव्वीस वर्षं कारकुनी केली. दप्तर उचलायचं, तारखा लिहायच्या, पट्टेवाल्याशी गोड बोलायचं आणि पक्षकारांच्या शिव्या खायच्या. एवढ्या वर्षांत किती माणसं पाहिली म्हणून सांगू! बहुतेकांची तोंडंसुद्धा आता आठवत नाहीत, आणि नकोतच आठवायला; डोक्याला काय कमी ताप आहे? पण रहिमतपूरकडचे नाथाजी हवालदार काही केल्या जात नाहीत डोक्यातून. ते माझे कुणी लागत नव्हते. आमच्या बाजूचेही नव्हते. त्यांच्याच साक्षीवर त्यांच्या मुलाला शिक्षा झाली होती आणि तो मुलगा आमचा पक्षकार.

मुलाचं नाव लालासाहेब. पलटणीतून नाईक होऊन पेन्शनीवर आलेला, आणि साखर कारखान्यात ट्रॅक्टरवर लागलेला. अंगानं धिप्पाड, बोलायला मऊ. ऑफिसात यायचा तेव्हा वहाणा बाहेर काढून, हात जोडून उभा राहायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा कुणाला मारेल? मारणारी माणसं वकिलाच्या दारात मारकुटं तोंड करून येत नाहीत, एवढी अक्कल मला तोवर यायला हवी होती. नव्हती आली, काय करणार!

त्यानं बायकोला मारलं होतं. पंच्याहत्तर सालच्या चैत्रात, भर दुपारी, खोऱ्याच्या दांड्यानं. अंजना तिचं नाव. डाव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली. का मारलं म्हणाल, तर कुणी म्हणे जेवण उशिरा वाढलं, कुणी म्हणे न विचारता माहेरी निरोप धाडला. प्रत्येक जबाबात कारण वेगळं. आणि कारण शोधत बसणाऱ्यांचाच मला संताप येतो. हाड मोडायला काय कारण पुरेल, सांगा की!

फिर्याद दिली ती सासऱ्यानं. शेजाऱ्याचा हात धरून नाथाजी हवालदार चौकीवर गेले आणि पोटच्या पोराविरुद्ध जबाब लिहून दिला. कोरेगावच्या कोर्टात केस उभी राहिली तेव्हा अंजना फितूर झाली. म्हणाली, गोठ्यात पाय घसरून पडले. लालासाहेबाच्या तिथल्या वकिलाला वाटलं, केस खिशात. मग पिंजऱ्यात म्हातारा उभा राहिला, जाड भिंगांचा चष्मा, छाती पुढं, आणि म्हणाला, "माझ्या डोळ्यांनी बगितलं सायेब. लेकानं सुनंला दांड्यानं मारलं." वकिलानं दोन प्रश्न विचारले न विचारले आणि बसला. मॅजिस्ट्रेटनं निकालात लिहिलं की सख्खा बाप मुलाविरुद्ध खोटं बोलायला काही कारण दिसत नाही. शिक्षा एक वर्ष, सक्तमजुरी.

त्यावर अपील आलं साताऱ्याला, सेशन कोर्टात. ते आमच्याकडं.

आता गंमत ऐका. गंमत कसली, कर्म आमचं! अपिलाचा निकाल लागेपर्यंत लालासाहेबाला जामीन मिळाला, पण जमीनजुमला असलेला जामीनदार हवा होता. भावकीतले सगळे "बघू की" म्हणत पांगले. तेवढ्यात नाथाजी हवालदार सातबाऱ्याचा उतारा घेऊन माझ्यासमोर हजर.

मी म्हटलं, "हवालदार, तुमच्याच साक्षीवर तो आत चाललाय, ठाऊक आहे ना?"

"व्हय."

"मग जामीन कशाला राहताय?"

"बाप हाय मी त्याचा. दुसरं कोन ऱ्हानार?" आणि मग माझ्या कपाळाच्या आठ्या बघून समजूत घालावी तसं म्हणाले, "साक्ष दिली ती सुनंसाठनं. जामीन लेकासाठनं. दोन्ही माजंच हायती न्हवं?"

मी कागद पुढं केला. म्हाताऱ्यानं झोकदार सही केली, पलटणीत शिकलेली.

मग सुरू झाल्या तारखा. कधी खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड आलेलं नाही, कधी साहेब रजेवर, कधी सरकारी वकील दुसऱ्या केसमध्ये. आठ तारखा झाल्या असतील. दर तारखेला तिघं एकाच एस.टी.नं यायची, कारण त्यांच्या गावाहून त्या वेळेला दुसरी गाडीच नव्हती. लालासाहेब पुढं, त्याच्यामागं म्हातारा, सगळ्यांत शेवटी अंजना. तिला कोर्टानं बोलावलेलंच नसायचं, पण म्हातारा तिला घरी एकटी ठेवायचा नाही. तिचा डावा हात वाकडाच सांधला होता. त्या हातानं ती तांब्यासुद्धा उचलायची नाही. दुपारी कोर्टाच्या व्हरांड्यात ती फडकं सोडायची आणि तिघंही त्यातली भाकरी आणि झुणका खायची. आरोपी, साक्षीदार आणि फितूर, एका फडक्यात! मला हसू यायचं, आणि हसू आलं म्हणून लाज वाटायची.

एकदा अंजना नळावर गेली होती, लालासाहेब तंबाखू आणायला. म्हातारा माझ्याजवळ सरकला.

"चिंतामनराव, ह्ये अपील किती दिस चालंल?"

"चालेल अजून दोन-चार महिने. का हो, कंटाळलात?"

"कंटाळा कशाचा? चाललं तर बरं." त्यांनी आवाज उतरवला. "अपील हाय तवर हात उचलत न्हाई त्यो. निकाल लागू दे, मग बगतो तुला, आसं सांगून ठिवलंय तिला. सुटला तर काय हुईल, मला इचारू नगा. शिक्षा टिकली पायजे. न्हाई तर पोरगी जात्ये."

मी विरुद्ध बाजूचा कारकून. मला कशाला सांगता हे, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण अंजना पाणी घेऊन आली आणि ते राहून गेलं. म्हाताऱ्याला काळा कोट घातलेले सगळे आणि त्यांच्या मागं दप्तर घेऊन पळणारे सगळे सरकारचीच माणसं वाटायची.

इकडं तात्यासाहेब वैतागले होते. "चिंतामण, या अपिलात काही जीव नाही रे. सख्खा बाप 'पाहिलं' म्हणतोय. त्याच्यापुढं मी काय डोंबल बोलू?" लालासाहेब कोपऱ्यात उभा होता. तो हळूच म्हणाला, "सायेब, तवा आबास्नी दिसत नव्हतं."

तात्यासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "काय?"

"डोळं गेल्यालं. मोतीबिंदू. ही बाब चैत्रात झाली. आबांचं आपरेशन त्येच्यानंतर, जेठात."

"अरे माणसा, मग खालच्या कोर्टात का नाही काढलं हे?"

"तितले वकीलसायेब म्हनले, बायको आपल्या बाजूनं बोलली, आता म्हाताऱ्याला छेडू नगा."

"कागद लागेल. कुठं झालं ऑपरेशन?"

"मिरजंला. सांगलीची भन घिऊन गेलती. दवाखाना कुटला त्ये आबा मला सांगायचं न्हाईत."

तात्यासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. कारकुनाकडं असं पाहिलं की काय करायचं ते कारकुनाला कळतं.

पुढच्या तारखेला मी म्हाताऱ्याशेजारी जाऊन बसलो. "हवालदार, माझ्या मेव्हण्यालाही मोतीबिंदू झालाय. तुमचं कुठं केलं हो?" मला मेव्हणाच नाही. पण म्हातारा किती खूश झाला! दवाखान्याचं नाव सांगितलं, खाट कुठली ते सांगितलं, डॉक्टर कसा देवमाणूस ते सांगितलं. "अंजना हुती माज्यापाशी. एका हातानं समदं करायची. पट्टी सोडली आन् पैलं काय दिसलं म्हनाल, तर तिचा हात. वाकडा. तवर नुसता चाचपून बगितला हुता." मी "अरेरे" म्हटलं आणि दवाखान्याचं नाव तारखांच्या डायरीत लिहून घेतलं.

लाज वाटली का? तेव्हा नाही वाटली. पोटाचा धंदा होता.

मिरजेला दोन हेलपाटे पडले, एक मुक्काम सांगलीत भाच्याकडं. शेवटी नक्कल मिळाली. दाखल झाले त्या दिवशीची नोंद: दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू, माणूस ओळखत नाही, फक्त उजेड आणि अंधार कळतो. कागद खिशात घालून आगगाडीनं परत निघालो. रहिमतपूर स्टेशन आलं तेव्हा मी उगाचच खिडकी लावून घेतली. शेजारचा बाई-माणसांचा घोळका उकाड्यानं हैराण, त्यांनी माझ्या नावानं खडे फोडले.

तात्यासाहेबांनी अर्ज दिला, की अपिलात हा नवा पुरावा घ्यावा आणि नाथाजींना पुन्हा पिंजऱ्यात बोलवावं. साहेबांनी मंजूर केला.

त्या दिवशी कोर्टात फारशी गर्दी नव्हती. पुकारा झाला, म्हातारा पिंजऱ्यात ताठ उभा राहिला आणि सवयीनं सलाम ठोकला. शपथ झाली. तात्यासाहेबांनी कागद हातात दिला, मिरजेचं नाव घेतलं, तारीख वाचली. म्हाताऱ्यानं कागदाकडं पाहिलंच नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घालून दप्तराची गाठ सोडायला लागलो, ती सुटेना.

न्यायाधीश स्वतःच विचारायला लागले. पुण्याकडचे होते, शांत बोलायचे. "त्या दिवशी तुम्हाला दिसत होतं का?"

म्हाताऱ्यानं कागद पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवला.

"न्हाई सायेब."

"मग 'माझ्या डोळ्यांनी पाहिलं' असं शपथेवर का सांगितलंत?"

"कोर्टात ऐकल्यालं चालत न्हाई म्हनत्यात. बगितल्यालं पायजे. समदं गाव म्हनतं. माज्यापाशी नुसतं ऐकल्यालं हुतं. त्ये सांगितलं आसतं तर तुमी टाकून दिलं आसतं."

साहेबांनी चष्मा काढला. "अहो, दुसऱ्यानं येऊन सांगितलेलं चालत नाही. तुम्ही स्वतःच्या कानांनी मार ऐकला असेल, तर तेवढं सांगितलं असतं तरी ती साक्षच होती."

"आस्सं व्हय?" म्हातारा पुटपुटला. "ह्ये कुनी सांगितलं न्हाई मला."

एवढं वाईट वाटलं मला! एक शब्द बदलायचा होता फक्त. उभ्या आयुष्यात हा माणूस एकदा खोटं बोलला असेल, आणि तेही नको तिथं.

"मग आता सांगा," साहेब म्हणाले. "काय ऐकलंत?"

म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले. "मी सोप्यात बाजंवर पडलो हुतो. लेक आत गेला. सुनंचा आवाज लय बारीक. ती म्हनाली, 'आज नगा, आबा जागं हायती.' मग दाराची कडी वाजली. दाराआड खोऱ्याचा दांडा आसतो, त्यो काढला की कडी वाजती. पैला दनका पाटीवर बसला. त्ये आवाजावरनं कळतं. दुसरा बी तितंच. ती वरडत हुती. तिसऱ्याला वाळकी फांदी मोडल्यागत झालं. मग ती वरडायची थांबली. त्येचं मला लय भ्या वाटलं."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"खाकरलो, सायेब."

"म्हणजे?"

सरकारी वकील उभे राहिले. ते इकडचेच होते. "साहेब, सून जिथं असेल तिथं सासरा एकदम जात नाही. बाहेरून खाकरतो, म्हणजे ती पदर सावरून बाजूला होते. तशी रीत आहे."

"दोनदा खाकरलो," म्हातारा म्हणाला. "लेकाला कळावं, बाप जागा हाय म्हनून."

"मग तो थांबला?"

"तिसरा दनका खाकरल्यावर बसला, सायेब."

लालासाहेब आरोपीच्या जागी उभा होता, तो खालची फरशी बघत होता. साहेबांनी मागच्या बाकाकडं पाहिलं आणि विचारलं, "या बाई कोण?" अंजना आहे म्हटल्यावर तिलाही बोलावलं. तात्यासाहेबांनी हरकत घेतली, साहेबांनी ती लिहून घेतली आणि बाजूला ठेवली.

अंजना पिंजऱ्यात आली. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, वाकडा हात पदराखाली.

"तुमचे सासरे सांगतात तसं झालं, की तुम्ही गोठ्यात पडलात?"

"आबा सांगत्यात तसंच झालं."

"मग आधी पडले का म्हणालात?"

"पोरं हायती माजी. त्याच घरात माघारी जायाचं हुतं. आन् आबा 'बगितलं' म्हनून सांगनार हुते. मला वाटलं, त्येवढं बास हाय. मी कशाला बोलू?"

तात्यासाहेब त्यानंतर तासभर बोलले. साक्षीदारानं शपथेवर खोटं सांगितल्याची कबुली दिली, बाईनं दोनदा दोन गोष्टी सांगितल्या, मग विश्वास कशावर ठेवायचा? वकील म्हणून चोख बोलले. मी त्यांच्यामागं पुस्तकं काढून देत होतो आणि सव्वीस वर्षांत त्या एकाच दिवशी मनात म्हणत होतो, हरू दे, देवा, आज आमचा वकील हरू दे.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. साहेबांनी लिहिलं होतं, की नाथाजींचं पाहणं खोटं आहे आणि ऐकणं खरं आहे; मोडलेला हात त्या ऐकण्याला धरून आहे. दोष कायम, शिक्षा वर्षाची सहा महिने केली. लालासाहेबाला तिथूनच ताब्यात घेतलं. जाताना त्यानं बापाकडं पाहिलं नाही आणि बायकोकडंही नाही.

म्हातारा मात्र हलेना. साहेब पुढच्या कामाला हात घालणार, तेवढ्यात हा हात जोडून पुढं झाला.

"सायेब, मला किती?"

"तुम्हाला काय किती?"

"शपत घिऊन खोटं बोललो. त्येची शिक्षा."

साहेब म्हणाले, "पुन्हा असं करू नका. घरी जा." पट्टेवाल्यानं दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं. म्हातारा दारातून मागं वळून वळून बघत होता. काहीतरी द्यायचं राहिलंय असं त्यांना वाटत असावं.

जामिनातून मोकळं झाल्याच्या कागदावर सही घ्यायची होती, म्हणून मी मागोमाग गेलो. मेव्हण्याचंही एकदा सांगून टाकावं असं मनात होतं. कोर्टाच्या पायऱ्यांवर दोघं उभी होती. ऊन मी म्हणत होतं. मी म्हटलं, "हवालदार, झालं तुमच्या मनासारखं. शिक्षा टिकली. पोरगी वाचली."

"सा म्हयने," म्हातारा म्हणाला. "सा म्हयने वाचली." त्यांनी सही केली. सही पहिल्यासारखी उमटली नाही. मेव्हण्याचं सांगायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण अंजना बोलायला लागली, आणि ती सासऱ्याशी अशी समोरासमोर, पदर मागं सारून बोलताना मी कधी पाहिलीच नव्हती.

"आबा."

"काय गं?"

"त्या दिशी तुमी खाकरला, त्ये मला बी ऐकू आलं हुतं." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "दोन्ही डाव ऐकू आलं. मला वाटलं, आता येत्यात."

म्हातारा पायरीवर खाली बसला. चष्मा काढला, हातात धरला, परत घातला नाही.

"उटा," ती थोड्या वेळानं म्हणाली. "गाडी लागली आसंल."

ते उठले नाहीत. तिनं बोचकं खाली ठेवलं आणि तीही शेजारच्या पायरीवर बसली. मी कागद घेऊन आत आलो. तासाभरानं दप्तर उचलून घरी निघालो तेव्हा दोघं तिथंच बसलेली होती, आणि त्यांची गाडी केव्हाच निघून गेली होती.